घरच्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवण्याविषयी जी भीती बोलून दाखवली जाते, तिचे मूळ शोधत गेले की एक गोष्ट स्पष्ट होते. विंडोज आणि लिनक्स यांचे आपापसात वैर असे काही नाही, कारण एक प्रणाली चालू असते तेव्हा दुसरी पूर्ण बंदच असते. चाळीत दोन बिऱ्हाडांचे वाजते ते आपापल्या खोल्यांवरून नव्हे, सामाईक नळावरून. इथेही तसेच आहे. संगणक सुरू होताना वाचला जाणारा डिस्कचा छोटासा भाग, कोणत्या क्रमाने सुरू व्हायचे याची मदरबोर्डवरची नोंद, घड्याळ, आणि दोन्हीकडून उघडाव्या लागणाऱ्या फायली, एवढ्याच जागा दोघांच्या सामाईक असतात आणि ड्युअल बूटमधल्या, म्हणजे सुरू करताना दोहोंपैकी एक प्रणाली निवडण्याच्या या व्यवस्थेतल्या, जवळजवळ सगळ्या अडचणी तिथेच उद्भवतात. म्हणून यातील प्रत्येक गोष्टीचा कारभार कोणाकडे राहणार हे आधी ठरवून मगच पेनड्राइव्ह हातात घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घरातला संगणक २०१७ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीतला आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. यंत्र अजून ठणठणीत आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी अट घातली आहे, तिच्यात मोजके अपवाद सोडता इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर बसतात. सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली, पण तेवढ्याने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. चांगले चालणारे यंत्र केवळ एका यादीत नाव नाही म्हणून भंगारात काढणे मला पटत नाही. इंटरनेटवरचे सगळे व्यवहार अपडेट मिळत राहणाऱ्या लिनक्सवर न्यायचे आणि विंडोज फक्त ज्या कामाला दुसरा पर्यायच नाही त्यासाठी ठेवायचे, अशी योजना त्यातून ठरली.

ते पर्याय नसलेले काम ताईचे आहे. ताई गेली अनेक वर्षे घरून डीटीपी करते. लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल, मंडळांच्या स्मरणिका असे तिच्या कामाचे स्वरूप असते. तिच्या जुन्या फायली पेजमेकर ७ या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्यांतला मजकूर श्री-लिपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ सालची. युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षर-संकेत पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. त्यामुळे तो विशिष्ट फाँट बाजूला काढला की 'सभासदांना सूचना' या शब्दांच्या जागी पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, पण पानाची मांडणी, तक्ते आणि मोजून बसवलेल्या ओळी त्या रूपांतरात टिकत नाहीत. एखाद्या संस्थेचे सचिव मागच्या अहवालात दोन नावे बदलून मागतात, तेव्हा ती फाईल जशीच्या तशी उघडणे हाच खरा मार्ग असतो. दुसरीकडे भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला सी, पायथन, शेल आणि टर्मिनल रोज लागते, आणि ते लिनक्सवर जितके सहज होते तितके दुसरीकडे होत नाही.

"मामा, त्यापेक्षा व्हर्च्युअल मशीन टाकूया ना, रिस्टार्टची कटकटच नाही," असे भाच्याने सुचवले होते, म्हणजे एका प्रणालीच्या आतच दुसरी चालवायची, आणि सूचना विचार करण्याजोगी होती. १६ जीबी रॅम असलेल्या संगणकावर मी तोच सल्ला देईन. विंडोज ११ वापरणाऱ्यांना तर विंडोजच्या आत लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल आहे, आणि अभ्यासापुरते ते बहुतेक वेळा पुरते. पण ८ जीबी रॅममध्ये दोन प्रणाली एकाच वेळी चालवल्या की दोन्ही उपाशी राहतात, आणि जुन्या व्यावसायिक सॉफ्टवेअरसोबत यूएसबीला लावायचे जे डाँगल येते, ते व्हर्च्युअल मशीनला प्रत्येक वेळी नीट ओळखू येईलच असे नाही. शिवाय अपडेट न मिळणारे विंडोज खाली पायाला ठेवून त्याच्या आत लिनक्स चालवल्याने सुरक्षेचा मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून आमच्यासाठी ड्युअल बूट, आणि लिनक्स म्हणून लिनक्स मिंट.

आता संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय घडते ते पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. जुन्या बायोस पद्धतीत बटण दाबल्यावर डिस्कचा पहिलाच सेक्टर वाचला जाई. त्या ५१२ बाइटमध्ये ४४६ बाइट सुरुवातीच्या कार्यक्रमासाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, तक्त्यासाठी आणि उरलेले २ ओळखखुणेसाठी असत. तक्त्यात चारच नोंदी मावत, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. आणि सुरुवातीचा कार्यक्रम ठेवायला जागा एकच असल्याने शेवटी जी प्रणाली टाकली जाई ती आधीचीचा कार्यक्रम पुसून तिथे आपला बसवी. 'आधी विंडोज, नंतर लिनक्स' हा अजूनही ऐकू येणारा सल्ला त्या काळातला आहे. विंडोज दुसऱ्याची विचारपूस न करता ती जागा घेत असे आणि लिनक्सचा ग्रब नावाचा सुरुवातीचा कार्यक्रम मात्र विंडोजला आपल्या यादीत सामावून घेत असे.

गेल्या दहाबारा वर्षांतल्या संगणकांमध्ये यूईएफआय ही पद्धत असते आणि तिच्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. इथे डिस्कवर ईएफआय नावाचे एक लहान पार्टिशन असते, तेही साध्या फॅट ३२ स्वरूपाचे, आणि प्रत्येक प्रणाली त्यात स्वतःचा वेगळा फोल्डर करते. 'मायक्रोसॉफ्ट' नावाच्या फोल्डरमध्ये विंडोजचा बूट मॅनेजर असतो आणि त्याच्या शेजारी 'उबंटू' नावाच्या फोल्डरमध्ये ग्रब असतो. लिनक्स मिंट हे उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेले असल्याने मिंटही हेच नाव वापरते. आपण मिंट टाकले आणि फोल्डर उबंटूचा का दिसतो, या प्रश्नाने गोंधळून जाऊ नये. यांतील कोणती फाईल आधी चालवायची याचा क्रम मात्र डिस्कवर नसून मदरबोर्डवरच्या स्मृतीत लिहिलेला असतो. म्हणजे एका प्रणालीने दुसरीचा कार्यक्रम पुसण्याची वेळ आता सहसा येत नाही, फार तर क्रम बदलतो. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर लिनक्सचा मेनू दिसेनासा झाला की लोक सगळे गेले असे समजून धास्तावतात, पण बहुतेक वेळा तो क्रमच बदललेला असतो. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पूर्ववत केला की मेनू पुन्हा येतो.

तरीही ईएफआय पार्टिशन एकच असेल तर ते सामाईकच राहते. विंडोज ते साधारण १०० एमबीचे करते. मिंटचा ग्रब त्यात सहज मावतो, पण आपला कर्नल म्हणजे गाभाही त्याच भागात ठेवणाऱ्या काही लिनक्स प्रणालींना ती जागा अपुरी पडते. म्हणूनच डेस्कटॉप असेल तर दुसरी प्रणाली वेगळ्या डिस्कवर टाकावी, आणि तिला स्वतःचे ईएफआय पार्टिशन द्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. कॅबिनेटमध्ये डिस्क लावायची साटा प्रकारची एखादी जोडणी बहुधा मोकळी असतेच. अडीच इंची साटा एसएसडी, एक डेटा केबल आणि पॉवर सप्लायमधून आलेली मोकळी वायर एवढ्यावर काम होते. फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर गेल्याने २०१७ च्या यंत्राला जो वेग येतो, तो या सगळ्या उद्योगातला वेगळा लाभ आहे.

एसएसडी बसवण्यासाठी कॅबिनेट उघडल्यावर आधी आत नीट पाहावे. ठाण्याच्या दमट हवेत पंख्यावरची धूळ कोरडी राहत नाही, तिचा चिकट थर होतो, आणि तो ब्लोअरने उडत नाही. मऊ ब्रशने पाती एकेक करून साफ करावी लागतात. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते. यंत्र इतक्या वर्षांचे असेल तर ती बदलूनच टाकावी, कारण ती संपत आली की घड्याळ मागे पडते आणि काही मदरबोर्डांवर सेटिंगही मूळपदावर जाते. त्यानंतर उद्भवणाऱ्या अडचणींचा दोष विनाकारण ड्युअल बूटला दिला जातो.

वेगळ्या डिस्कच्या बाबतीत एक खाचखळगा मात्र सांगितलाच पाहिजे. मिंटचा इन्स्टॉलर आपण दुसरी डिस्क निवडली तरी ग्रब मात्र पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू शकतो. हा दोष जुना आणि सर्वज्ञात आहे, आणि त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. संगणक बंद करून, प्लग काढून, विंडोजच्या डिस्कची डेटा केबल सोडवून ठेवायची आणि फक्त नवी एसएसडी जोडलेली असताना मिंट टाकायचे. मग इन्स्टॉलरमधला 'सर्व डिस्क पुसा' हा एरवी धडकी भरवणारा पर्यायही निर्धास्तपणे निवडता येतो, कारण यंत्राला दुसरी डिस्क दिसतच नसते. ताईचे वर्षानुवर्षांचे काम ज्या डिस्कवर आहे ती त्या वेळी जोडलेलीच नव्हती, हे समाधान मला मोलाचे वाटले.

अर्थात केबल काढली म्हणून बॅकअपची गरज संपत नाही. ताईचे सगळे फोल्डर, फाँट आणि सॉफ्टवेअरच्या मूळ सीडीच्या प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर आधीच उतरवून घेतल्या, आणि त्यांतल्या काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. नुसत्या कॉपी झालेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. तो उघडून पाहिल्यावरच बॅकअप ठरतो. लॅपटॉपवर किंवा विंडोज ११ वर हे करणाऱ्यांनी याच टप्प्यावर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का तेही पाहावे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर हे कुलूप अनेकदा आपोआप लागते आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. पुढे सिक्युअर बूटचे, म्हणजे खात्रीची स्वाक्षरी असलेलाच कार्यक्रम सुरू होऊ देणाऱ्या मदरबोर्डच्या व्यवस्थेचे, सेटिंग बदलले किंवा विंडोज ग्रबमार्फत सुरू केले की यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधी कागदावर लिहून घेतलेली नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला मिळत नाही.

मिंटची आयएसओ फाईल, म्हणजे ते टाकण्यासाठी उतरवून घ्यायची एकत्रित फाईल, सुमारे ३ जीबीची आहे. ती उतरवून घेतल्यावर तिचा एसएचए-२५६ हा ठसा तपासण्याचा कंटाळा करू नये. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात शिरकाव करून १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या जागी चोरवाट ठेवलेली बनावट आयएसओ लावण्यात आली होती. ठसा ६४ चिन्हांचा असतो आणि तो मोजणारे साधन विंडोजमध्ये आधीपासून असते. ती चिन्हे एकामागून एक जुळवून पाहायला एखादे मिनिट पुरते. त्यानंतर ती फाईल रुफस किंवा बलेना एचर या साधनाने लिहून पेनड्राइव्ह तयार करावा, आणि इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर आणि पडद्याचे रिझोल्यूशन पाहून घ्यावे. जुन्या लेझर प्रिंटरच्या बाबतीत ही पाहणी विशेष गरजेची आहे, कारण काही प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्सवर मोठ्या खटपटीने चालतात. आमचा प्रिंटर त्यातलाच निघाल्याने छपाई विंडोजकडेच ठेवली आहे.

ज्यांना वेगळी डिस्क बसवणे शक्य नाही, विशेषतः लॅपटॉपवाल्यांना, त्यांनी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन आक्रसून मोकळी जागा करावी. लिनक्सच्या इन्स्टॉलरला ते काम देऊ नये. भरपूर जागा रिकामी असूनही विंडोज थोडीच जागा सोडायला तयार होते, असा अनुभव पुष्कळांना येतो. पेजफाईल, हायबरनेशनची फाईल आणि रिस्टोअर पॉइंट या हलवता न येणाऱ्या फायली मधेच बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. त्या तात्पुरत्या बंद केल्या की जागा मोकळी होते. डेस्कटॉपवर हे करणाऱ्यांनी यूपीएसशिवाय पार्टिशनला हात लावू नये. जुलैच्या पावसात वीज गेली की पार्टिशन अर्धवट हललेल्या अवस्थेत राहते. काही लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण साठवणुकीचे सेटिंग इंटेल आरएसटी या पद्धतीवर असते. ते थेट एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर बदलले तर विंडोज सुरू होत नाही. म्हणून आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करावी, मग सेटिंग बदलावे, सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून घ्यावे आणि नंतर सेफ मोड काढावा.

दोन डिस्क असोत वा एक, विंडोजमधली एक सोय बंद करणे मात्र सगळ्यांनाच आवश्यक आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची व्यवस्था आली. तिच्यात आपण शट डाउन केले तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो आपली अवस्था डिस्कवर लिहून झोपी जातो. त्या अवस्थेत विंडोजच्या दृष्टीने पार्टिशन अजून त्याच्याच ताब्यात असते. लिनक्सला हे कळते, म्हणून ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरते उघडते किंवा उघडतच नाही. जबरदस्तीने उघडून त्यात काही लिहिले आणि मग विंडोज जागे झाले, तर त्याच्या आठवणीतली डिस्क आणि प्रत्यक्षातली डिस्क जुळत नाही आणि फायली खराब होतात. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटण काय करते ते ठरवण्याच्या पानावर ही खूण काढता येते. आधी वरची 'सध्या उपलब्ध नसलेले सेटिंग बदला' ही ओळ दाबावी लागते, नाहीतर खूण राखाडीच राहते. रिस्टार्ट केल्यावर मात्र विंडोज नेहमी पूर्ण बंद होते. त्यामुळे रिस्टार्टने लिनक्समध्ये आल्यावर सगळे नीट चालते आणि शट डाउन करून आल्यावर फोल्डर उघडत नाही, असा कोड्यात टाकणारा प्रकार दिसला, तर कारण हेच समजावे.

सिक्युअर बूट बंद करावे की नाही यावर मतभेद आहेत. मिंट आणि उबंटू मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा 'शिम' नावाचा छोटा कार्यक्रम वापरतात, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनही ते सुरू होतात, आणि चालू ठेवता येत असेल तर ठेवावे असे मला वाटते. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये काय झाले ते माहीत असावे. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटने असुरक्षित ठरलेल्या जुन्या बूटलोडरांना अडवण्याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिली. ड्युअल बूट असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही असे सांगितले गेले होते, पण अनेक ठिकाणी ती लागू झाली आणि लिनक्सच्या जागी सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश येऊ लागला. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये जाऊन ती यादी काढून टाकणे आणि मग पुन्हा चालू करणे हा त्यावरचा उपाय होता. इथेही सामाईक जागा एकच, मदरबोर्डची स्मृती. लिनक्सचे शिम अद्ययावत ठेवणे हेच यावरचे दीर्घकाळ टिकणारे उत्तर.

मिंट टाकून झाल्यावर विंडोजची डिस्क पुन्हा जोडली आणि मिंटमध्ये ग्रबची यादी नव्याने तयार करण्याची आज्ञा दिली की विंडोज बूट मॅनेजर त्या यादीत येतो. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या प्रणाली शोधणारे 'ओएस-प्रोबर' सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेले असते. मिंटने २१ व्या आवृत्तीपासून ते चालूच ठेवले आहे, इतर काही प्रणालींत ते आपण चालू करावे लागते. मी स्वतः या यादीवर फारसा विसंबून राहत नाही. मदरबोर्डचा स्वतःचा बूट मेनू असतो. कुठे एफ१२, कुठे एफ११, कुठे एफ८ दाबून तो उघडतो, आणि त्यातून कोणतीही डिस्क ग्रबला मध्ये न घेता सुरू करता येते. कोणती कळ दाबायची ते एका पट्टीवर लिहून ती मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवली आहे, म्हणजे मी घरी नसताना ताईला कोणाला विचारावे लागत नाही.

यानंतर घड्याळ. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज धरते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे असे मानते आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते. लिनक्सनंतर विंडोज सुरू केले की सकाळच्या १० वाजता घड्याळात पहाटेचे ४:३० दिसतात. इंटरनेट असेल तर विंडोज काही वेळाने स्वतःला दुरुस्त करते, पण आमचे विंडोज इंटरनेटपासून तोडलेले असल्याने ती चूक तशीच राहिली असती, ताईच्या फायलींवर चुकीची वेळ पडली असती आणि अहवालाची कोणती प्रत शेवटची ते ओळखता आले नसते. दोघांपैकी कोणीतरी एकाने आपली पद्धत सोडावी लागते. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करून त्याला जागतिक वेळ मानायला लावता येते, आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात तिथे तेच योग्य आहे. भारतात तसा प्रकार नाही. त्यामुळे इथे लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगणे सोपे आणि निर्धोक आहे; टर्मिनलमध्ये एका आज्ञेत ते होते. मिंट त्यावर एक इशारा दाखवते, तो मुख्यतः घड्याळे बदलणाऱ्या आणि देश बदलणाऱ्यांसाठी आहे.

फायलींच्या देवाणघेवाणीचा प्रश्न जास्त विचार मागतो. लिनक्सचे ईएक्सटी४ पार्टिशन विंडोजला थेट वाचता येत नाही, पण विंडोजचे एनटीएफएस लिनक्सला वाचता येते आणि लिहिताही येते. २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून त्यासाठीचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला आहे. तरी मी सगळे विंडोज लिनक्सला मोकळे केलेले नाही. विंडोजच्या डिस्कवर एक छोटे वेगळे पार्टिशन 'देवघेव' या नावाने ठेवले आहे आणि मिंटला फक्त तेवढेच आपोआप उघडायला सांगितले आहे. ग्राहकाचा ईमेल मिंटमध्ये येतो, जोडलेली फाईल देवघेवमध्ये जाते, ताई विंडोजमध्ये जाऊन काम करते, पीडीएफ त्याच जागी ठेवते आणि मिंटमधून ती पाठवली जाते. यात रिस्टार्ट करावे लागते हे खरेच, म्हणून ताई जुन्या फायलींची कामे साठवून एकाच बैठकीत करते. लोकांनी आणलेले पेनड्राइव्हही आधी मिंटमध्येच लावायचे असा नियम आहे, कारण अपडेट बंद झालेल्या विंडोजला इंटरनेटइतकाच धोका पेनड्राइव्हमधून असतो. विंडोजमधले नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून ठेवले आहे.

या देवघेवीत फायलींच्या नावांकडेही लक्ष ठेवावे लागते. लिनक्स नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन हे सगळे चालवून घेते, विंडोज घेत नाही. 'वार्षिक सभा: ठराव' अशा नावाची फाईल मिंटमध्ये विनातक्रार तयार होते आणि विंडोजमध्ये मात्र उघडत नाही. आमच्याकडे नावात फक्त अक्षरे, अंक आणि आडवी रेघ असा साधा शिरस्ता आहे.

ब्लूटूथचा माउस किंवा हेडफोन असेल तर तो दोन्हीकडे आलटून पालटून चालत नाही, हेही सांगून ठेवतो. ब्लूटूथचे कार्ड एकच असते, पण जोडणीची गुप्त किल्ली प्रत्येक प्रणाली स्वतंत्र ठरवते, आणि उपकरण शेवटचीच किल्ली लक्षात ठेवते. एका बाजूची किल्ली दुसरीकडे नेऊन बसवता येते, पण त्यापेक्षा साधा यूएसबी माउस बरा.

मराठी टायपिंगचे काय, ही ताईची पहिली शंका होती आणि ती रास्त होती. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधून इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक मांडणी जोडता येते, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. ताईचा हात इनस्क्रिप्टवर बसलेला असल्याने तिला 'ऱ्या'मधला र आणि 'ळ' शोधावा लागला नाही. 'नोटो', 'लोहित' आणि 'मुक्त' हे देवनागरी फाँट विनामूल्य आहेत, आणि स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीत जोडाक्षरे व्यवस्थित जुळतात. म्हणून नवी कामे ती हळूहळू युनिकोडमध्ये, मिंटमध्येच करू लागली आहे. "जुन्यासाठी जुनं राहू दे, नवं मात्र इथेच करते," असे तिने स्वतःहून सांगितले तेव्हा मला फार बरे वाटले, कारण विंडोजवरचा भार जितका कमी होईल तितकी ही सगळी रचना निर्धोक होत जाणार आहे.

पुढेमागे यातील एक प्रणाली काढायची झाली तर क्रम पाळावा लागतो. एकाच डिस्कवर दोन्ही असतील आणि लिनक्सचे पार्टिशन आधी पुसले, तर ग्रबचा पहिला भाग ईएफआयमध्ये शिल्लक राहतो, त्याला आपली यादी सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. म्हणून आधी मदरबोर्डच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर आणावा, विंडोज एकदा सुरू करून पाहावे, मग लिनक्सचे पार्टिशन काढावे आणि शेवटी ईएफआयमधला त्याचा फोल्डर आणि मदरबोर्डवरची नोंद काढावी. दोन वेगळ्या डिस्क असल्या की हा व्याप उरत नाही. भाच्याने पुढे स्वतःचा संगणक घेतला की ही एसएसडी काढून त्याला देता येईल, आणि बहुतेक ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असल्याने नव्या यंत्रावरही ती बहुधा तशीच सुरू होईल. फक्त नव्या मदरबोर्डच्या स्मृतीत तिची नोंद नसेल, तेव्हा पहिल्या वेळी बूट मेनूतून डिस्क निवडावी लागेल आणि त्यासाठी ईएफआय पार्टिशनमधल्या 'बूट' या सर्वसाधारण फोल्डरात ग्रबची प्रत आहे याची खात्री डिस्क काढण्यापूर्वीच करून घ्यावी.